एमएच १३ चे मालक

सोलापुरातल्या प्रत्येक गल्लीत स्प्लेंडरवाले एक मालक असतात. जुळे सोलापुरात असतात, भवानी पेठेत असतात, अशोक चौकाच्या मागे तर दोन असतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. स्प्लेंडर बाजारात आली १९९४ साली. मालकांची त्यानंतर चार-सहा वर्षांतली. टाकीवर अजून 'हीरो होंडा' आहे. हीरो आणि होंडा २०११ मध्ये वेगळे झाले, पण हा काडीमोड मालकांना मंजूर नाही. पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओतून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून आणली, त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. मुलगा दहावी पास झाला तेव्हा साखर वाटली होती.

उन्हाळ्यात पारा ४३ वर गेला की मालक घामाघूम होऊन सावलीची एकमेव जागा गाडीला देतात. तिच्या अंगावर भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर, नवी. घरातल्यांच्या अंगावर तीच, विटलेली. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा पहिली बादली गाडीची. "उजनीचं पाणी एवढ्या लांबून काय हिला आंघोळ घालायला आणलंय का?" असं बायको विचारते. मालक मडगार्ड पुसत राहतात.

पेट्रोल पहाटे भरायचं, कारण थंड पेट्रोल दाट असतं, हा त्यांचा सिद्धान्त. सोलापुरात मे महिन्यात पहाटही थंड नसते, हा मुद्दा ते विचारात घेत नाहीत. १०० रुपयांचं कधी भरत नाहीत, ११० चं. आकडा गोल असला की मशीन सेट केलेलं असतं म्हणे. शंका आलीच, तर ते पंपावरचं पाच लिटरचं प्रमाणित माप मागतात, फिल्टर पेपरवर थेंब टाकून डाग पडतो का बघतात. गिऱ्हाइकाला तो हक्कच आहे, पण मागे लागलेल्या रांगेचं त्यावर वेगळं मत असतं.

ॲव्हरेज मोजायची त्यांची पद्धत धार्मिक आहे. गुरुवारी टाकी फुल करायची, अक्कलकोटला जाऊन स्वामींचं दर्शन घ्यायचं आणि परतल्यावर पुन्हा टाकी फुल करायची. जाऊन-येऊन ऐंशीच्या आसपास किलोमीटर एका लिटरमध्ये बसले, तर ती स्वामींची कृपा. हल्ली बसत नाहीत. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आणि इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. जिल्हा साखर कारखान्यांचा, मेहुणा ऊसवाला. साहजिकच दोष त्याच्यावर येतो. "तुझ्या उसानं माझं ॲव्हरेज खाल्लं बे!" मेहुणा शांतपणे म्हणतो, "दाजी, खाल्लं असंल. त्या उसाचं बिल अजून आमच्या पोटात आलं नाही."

सर्व्हिसिंगला मालक गाडी सोडून येत नाहीत. उलट्या डब्यावर बसून ऑपरेशन बघतात. ऑइलचा डबा त्यांच्यासमोरच फोडायचा. काढलेलं जुनं ऑइल बाटलीत भरून घरी, बिजागऱ्यांना. मेकॅनिक वैतागून पोराला तेलुगूत काहीतरी पुटपुटतो. मालक तेलुगूतच उत्तर देतात. मग तो कानडीत पुटपुटतो. मालकांना तीही येते. शेवटी तो गप्प बसून टॅपेट नीट लावतो.

चोरांविषयी मालकांचा अभ्यास दांडगा. जुन्या स्प्लेंडरचं कुलूप झिजलं की भलतीच किल्लीही लागते, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून हँडल लॉक, चाकाला साखळी, पेट्रोलचा कॉक बंद आणि प्लगची कॅप काढून खिशात. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत गाडी ओळखीच्या घरी अंगणात लावून ते मैलभर चालत होम मैदानावर येतात. सातही नंदीध्वजांना एकाच हाताने नमस्कार करतात. दुसरा हात खिशातल्या कॅपवर असतो. जुन्या गाड्यांना नवी नंबर प्लेट सक्तीची झाली, तेव्हा पेंटरने लिहिलेलं 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' जाणार म्हणून ते हळहळले. पण ही प्लेट न तोडता निघत नाही असं कळताच पहिल्या मुदतीत बसवून आले आणि दोन्ही हातांनी ओढून खात्री केली. पुढे सरकारने मुदतवाढीवर मुदतवाढ दिली, ते मात्र त्यांना लागलं. "वेळेवर जाणारा येडाच की बे इथं!"

गाडी मागायला कुणी आलं तर मालकांचं उत्तर ठरलेलं: "रिझर्वला लागलीय." शेजारी गाडी हलवून बघतो, टाकी डुचमळते. तरी किल्ली मिळत नाही. मिळतात ते मालक स्वतः. "तुला गिअर जमणार नाही, बस मागं." पोराला परीक्षेला, पाहुण्याला स्टेशनवर, सुनेला माहेरी सोडायला मालकच. पेट्रोलच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाने गल्लीवर किती लिटर जाळलं, याचा हिशेब त्याच्याकडे नाही.

एकदा रात्री दोनला शेजारची म्हातारी धापा टाकायला लागली. रिक्षा मिळेना. मालकांनी तिला तिच्या लेकाच्या आणि आपल्या मध्ये बसवून सिव्हिल गाठलं. दारात उतरवून साखळी, कॉक, कॅप असं साग्रसंगीत आवरून ते आत पोचले, तोवर म्हातारीला ऑक्सिजन लागून चांगली हुशारी आली होती. "इतका वेळ काय करलालास बे?" असं तिनेच विचारलं.

सकाळी लेक खिशात हात घालून म्हणाला, "मालक, पेट्रोलचे किती झाले?"

मालक भडकले. "पेट्रोलचं काढतोस? लाज वाटत नाही? परवा नळाला पाणी येईल, तेव्हा एक बादली आणून दे. तिघं बसलो, हिला लई धूळ लागलीय."