अळीबाई, फांदी पडली हो!

श्रीमती साल पोखरणाऱ्या अळीबाई, मुक्काम तिसऱ्या ओळीतलं सातवं संत्र्याचं झाड, खालचा बेचका, तालुका वरूड, यांस सादर प्रणाम.

परवा आंबिया बहराने लगडलेली फांदी भर दुपारी कडाड् करून बसली. वारा नव्हता, वानर नव्हतं. बांधावर व्यापारी मात्र होता. त्याने फांदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बोललेला भाव तिथल्या तिथे पाडला. बेचक्यात बघतो तर करंगळी जाईल एवढं बीळ!

पुस्तकात आपलं नाव इंडरबेला. संगीत नाटकातल्या नायिकेला शोभावं असं. रीत मात्र भुरट्याची. वानरं खातात, फळमाशी खाते, डिंक्या झाड सडवतो, भावात व्यापारी खातो. पण हे सगळे तोंड दाखवून. आपण दिवसभर बिळात. रात्री बाहेर पडायचं, तेही उघड्यावर नाही. स्वतःच्या लेंड्या आणि लाकडाचा भुसा रेशमाने सांधून खोडावर मांडव घालायचा आणि त्याच्या आडोशाने साल कुरतडायची. घाणीचा मांडव! आणि मी शहाणा, दोन महिने तो बघून वाळवी समजत होतो.

अगं सटवे, झाडाने पानात केलेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीतून. तू तीच खातेस! 2019 च्या उन्हाळ्यात इकडे बगिचेच्या बगिचे वाळले, तेव्हा टँकरच्या पाण्यावर तगवलेलं झाड आहे ते. कर्ज मी काढलं, मांडव तू घातलास.

रस शोषणारा तो दुसरा पतंग, तोही छळतोच, पण निदान सोंड खुपसून संत्रं चाखतो तरी. तुला तेही नाही. पावसाळ्याच्या तोंडाला अंड्यातून निघायचं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत अंधारात चरायचं, आणि पंख फुटले की खायला सोंडच नाही. थोड्या रात्री उडायचं, उपाशी. सालीच्या फटीत अंडी घातली की खेळ खलास. हे वाचलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही, खोटं कशाला बोलू?

सकाळी तरी मांडव झाडला. पोराने सायकलची तार सरळ करून दिली, ती बिळात फिरवली, पेट्रोलचा बोळा कोंबला, वरून चिखल लिंपला.

शेजारच्या बगिच्याचा धनी नागपुरात राहतो. तिकडे खोडाखोडावर तुझ्या बहिणींचे मांडव लोंबताहेत. तार घेऊन कुंपण ओलांडू का, एवढं त्याला फोनवर विचारलंय. उत्तर नाही.

आपला,
झाडाचा मालक (सातबाऱ्यापुरता)