ग्रुपवर टाकलंय, बघा!

बारावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, पदवीला प्रवेशही मिळाला. आता पहिल्या वर्षाच्या पोरांना जो विषय सगळ्यात आधी शिकावा लागतो, तो कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. त्याला पुस्तक नाही, तासिका नाही, प्राध्यापक नाही. परीक्षा मात्र रोज. केंद्र : कार्यालयाची खिडकी. पद्धत : तोंडी. इथे प्रश्न विद्यार्थ्याने विचारायचा आणि नापासही त्यानेच व्हायचं.

“मॅडम, ते ओई कुठलं घ्यायचं?”

“ग्रुपवर टाकलंय, बघा.”

“आणि बोनाफाइड कधी मिळेल?”

“तेही ग्रुपवर टाकलंय.”

“पण मी ग्रुपवर नाहीये.”

“मग जॉइन व्हा ना! लिंक ग्रुपवर आहे.”

हा ग्रुप एकदा डोळ्यांखालून घालाच. वर संस्थाध्यक्षांच्या वाढदिवसाचं बॅनर. खाली वृक्षारोपणाचे फोटो : रोप एक, त्याला लागलेले हात चौदा. या दोहोंच्या मधे शिष्यवृत्तीच्या मुदतीची पीडीएफ. ती मोबाइलवर तिरकी स्कॅन केलेली आणि गोल शिक्का नेमका शेवटच्या तारखेवर बसलेला. तारीख विचारावी, तर ग्रुपवर लिहिण्याचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनला! पूर्वी काचेच्या नोटीस बोर्डाला कुलूप असायचं आणि किल्ली शिपाईमामांकडे असायची. मामांना निदान विचारता यायचं.

यावर शिक्षणसम्राटांचं उत्तर ठरलेलं : “हल्लीची पोरं वाचतच नाहीत हो!” कबूल. पण ज्याची आई प्राध्यापिका, काका वकील आणि ताई याच कॉलेजातून पास झालेली, तोही वाचत नाही. त्याला वाचावं लागतच नाही. रात्री जेवताना सगळं कळतं. अडते ती जव्हारहून किंवा अक्कलकुव्याहून आलेली, घरातली पहिलीच पदवीला बसलेली मुलगी. तिच्या घरी कॉलेजची खिडकी कुणी पाहिलेली नाही. म्हणजे कॉलेजातली माहिती शेवटी ओळखीपाळखीनेच वाटली जाते. फी मात्र सगळ्यांना सारखी.

* * *

त्यात आलं नवं शैक्षणिक धोरण. धोरण २०२० चं. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून लागू झालं. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस... पहिल्या सत्राचं वेळापत्रक वाचून पोराला वाटतं, आपण बी.ए.ला आलो की सैन्याच्या बिनतारी संदेश विभागात?

यातलं ओई म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा, आवडीने निवडायचा विषय. वाणिज्यच्या मुलाने खगोलशास्त्राची तोंडओळख करून घ्यावी, विज्ञानच्या मुलीने नाटक शिकावं, अशी त्यामागची सुंदर कल्पना. निवडीसाठी विषयांचं ‘बास्केट’ असतं. कित्येक कॉलेजांत त्या बास्केटात एकच भाजी सापडते आणि ती कोणती, हे कुठल्या सरांचा कार्यभार कमी पडतोय त्यावर ठरतं. मुलगा विचारतो, “दुसरा पर्याय?” उत्तर मिळतं, “आहे ना. दुसरं कॉलेज.”

मग येतं एबीसी, म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. यूजीसीने २०२१ मध्ये तिचे नियम केले. तुम्ही मिळवलेले श्रेयांक तिथे जमा होतात आणि पुढे कॉलेज बदललं तरी सोबत नेता येतात. तिला जोडून बारा आकडी ‘अपार’ क्रमांक. इथवर ठीक. पण अपार काढायला आधार लागतं आणि खरी गंमत तिथे सुरू होते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी. गुणपत्रिकेवरचा ज्ञानेश्वर इंग्रजी ‘डी’ने सुरू होतो, आधारवरचा ‘जी’ने. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे इसम! ज्ञानेश्वराच्या महाराष्ट्रात ज्ञानेश्वराला आपण ज्ञानेश्वरच आहोत, हे सिद्ध करत आधार केंद्राच्या रांगेत उभं राहावं लागतं. हे जूनमध्येच सांगितलं, तर दुरुस्ती वेळेत होते. सांगतात कधी? परीक्षा अर्ज भरायला दोन दिवस उरले की.

सगळ्यात मोठा गोंधळ एक्झिटचा. एक वर्ष करून बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. भाषणात हे फार छान वाटतं. भाषणात न सांगितलेली ओळ अशी : पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन निघायचं असेल, तर वर्षाचे चाळीस ते चव्वेचाळीस श्रेयांक पुरत नाहीत, कौशल्य अभ्यासक्रमाचे किंवा इंटर्नशिपचे आणखी चार मिळवावे लागतात. म्हणजे दार उघडं आहे, पण उंबऱ्यावर चार श्रेयांकांचं तिकीट आहे. वर्षभर कुणी बोललं नाही, तर मे महिन्यात निघालेल्या पोराच्या हाती काय पडणार? रिकामी फाइल.

* * *

आता महाडीबीटी. सरकारने शिष्यवृत्ती ऑनलाइन केली आणि कॉलेजच्या दारासमोरच्या झेरॉक्सवाल्याचं भाग्य उजळलं. ‘सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील’ ही पाटी हाच आज महाराष्ट्रातला सर्वांत विश्वासू विद्यार्थी सल्ला विभाग. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याला कोणता कागद लागतो, शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे, बँक खातं आधारशी नुसतं जोडून भागत नाही, पैसे यायचं खातं म्हणून त्याची नोंद लागते, हे सगळं त्याला तोंडपाठ. एका हाताने लॅमिनेशन, दुसऱ्या हाताने कौन्सेलिंग.

फक्त एकच घोटाळा होतो. घाईत तो नोंदणीला स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो. पुढल्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण करायला जावं, तर ओटीपी जातो त्याच्या मोबाइलवर आणि तो गेलेला असतो गावाला. विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, खातं विद्यार्थ्याचं, चावी झेरॉक्सवाल्याची! ‘नंबर स्वतःचा टाका, पासवर्ड वहीत लिहून ठेवा’ एवढं वाक्य खिडकीतून आलं असतं, तर किती पोरांचं वर्ष वाचलं असतं? पण खिडकीची तेव्हा जेवणाची सुट्टी चाललेली असते. अर्ज भरल्यावर तो आधी कॉलेजच्याच लॉगिनमध्ये मंजुरीला पडतो, हेही कुणी सांगत नाही. मुलगा सरकारला शिव्या घालत बसतो आणि अर्ज त्याच्यापासून वीस पावलांवर, एका टेबलाच्या संगणकात झोपलेला असतो.

मुलींच्या मोफत शिक्षणाचंही तसंच. जुलै २०२४ मध्ये शासन निर्णय आला आणि गावभर झालं, मुलींना सगळं फुकट. मूळ निर्णय आहे व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींसाठी. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी. त्यात शिक्षण आणि परीक्षा शुल्क येतं. खोलीभाडं आणि मेस नाही. बी.ए.ला आलेली मुलगी खिडकीवर वाद घालते, आतून मॅडम ओरडतात, आणि दोघींनी मूळ कागद वाचलेला नसतो.

* * *

कॉलेजं काहीच करत नाहीत, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. ती कार्यक्रम करतात. नव्या विद्यार्थ्याला संस्थेची, नियमांची, सोयींची नीट ओळख करून द्या, असं सांगणारी ‘दीक्षारंभ’ नावाची मार्गदर्शिका यूजीसीने २०१९ मध्ये काढली. आमच्याकडे दीक्षारंभ कसा होतो? दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, परिचयापेक्षा छोटं पाहुण्यांचं भाषण, ‘मोबाइलपासून दूर राहा’ हा संदेश आणि मोबाइलवर सेल्फी. ज्यांच्या सहीवाचून पुढली तीन वर्षं पोरांचं पान हलणार नाही, ते कार्यालयीन अधीक्षक मागे खुर्च्या लावत असतात.

मेंटॉरही असतो बरं का. नॅकच्या अहवालात मार्गदर्शक आणि विद्यार्थ्यांचं प्रमाण द्यावं लागतं, म्हणून प्रत्येक वीस-पंचवीस पोरांमागे एक मेंटॉर नेमलेला असतो. फाइलमध्ये भेटींच्या तारखा, चर्चेचे विषय, विद्यार्थ्यांच्या सह्या, सगळं चोख. फक्त विद्यार्थ्याला मेंटॉरचं नाव माहीत नसतं आणि मेंटॉरला विद्यार्थ्याचं. समान संधी केंद्राची पाटीही दिसते, केंद्र कुलूपबंद. कमवा आणि शिका योजना कर्मवीर भाऊराव पाटलांची पुण्याई सांगत दर वर्षी येते. तिच्या अर्जाची मुदत संपली, ही बातमी तेवढी पोरांपर्यंत वेळेत पोचते.

आणि ज्या एसटीला आपण उठता-बसता नावं ठेवतो, तिने २०२५ च्या जूनमध्ये काय केलं? विद्यार्थ्यांना पाससाठी आगारात रांगा लावायला नकोत, म्हणून शाळा-कॉलेजांत जाऊन पास द्यायची मोहीम काढली. लाल डबा आगारातून कॉलेजपर्यंत आला. कॉलेजचं कार्यालय तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावरच्या वर्गात अजून पोचलेलं नाही.

* * *

तेव्हा पोरांनो, ग्रुपवर जे कधीच पडत नाही, ते इथे वाचून घ्या.

दुसऱ्या कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून जाताय? मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही. यूजीसीने २०१८ मध्येच तसं बजावलंय आणि फी परताव्याचे टप्पेही ठरवून दिलेत. ‘ओरिजिनल जमा आहेत, मिळणार नाहीत’ हे वाक्य आवाज चढवून म्हटलं, तरी नियम होत नाही.

झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणायला सांगतात? राज्यात २०१५ पासून स्वसाक्षांकन चालतं. उत्पन्न, जात, रहिवासी, नॉन-क्रिमिलेअर दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेचा स्टॅम्प आणायला सांगतात? ते मुद्रांक शुल्क माफ आहे. तहसील कचेरीच्या दारात ‘तरी असू द्या, साहेब मागतात’ म्हणणारा माणूस स्टॅम्प विकत असतो, हे ध्यानात ठेवा.

निकाल रखडलाय? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो : निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत. गुणांबद्दल शंका आहे? स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकाराखाली मान्य केलाय. रॅगिंग होतंय? १८००-१८०-५५२२ हा क्रमांक मोबाइलमध्ये आजच साठवा. त्यासाठी ग्रुपवर यावं लागत नाही.

दाद मागायची तर यूजीसीचे २०२३ चे नियम आहेत. प्रत्येक कॉलेजला विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवीच. शिष्यवृत्ती रखडणं, कागद अडवणं, निकालाला उशीर, माहितीपुस्तकात दिशाभूल, हे सगळं तक्रारीत बसतं. समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. त्याने समाधान झालं नाही, तर विद्यापीठाचे लोकपाल आहेत. हेच नियम असंही सांगतात की प्रवेश सुरू होण्याआधी साठ दिवस माहितीपुस्तक प्रसिद्ध झालं पाहिजे. आपल्याकडे त्या पुस्तकात पहिली आठ पानं संचालक मंडळाच्या फोटोंना जातात. कुणाकडे दाखला मिळतो, हे सांगणारं पान छपाईत गळतं.

प्राचार्य महोदय, तुमच्याकडे मागणं मोठं नाही. एक कागद, मराठीत, दोन्ही बाजूंनी छापलेला. कोणतं काम, कोणत्या खिडकीवर, कोणते कागद घेऊन, किती दिवसांत. प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव आणि शेवटची तारीख. तो प्रवेशाच्या दिवशी हातात द्या. अधीक्षकांना एका तासासाठी वर्गात पाठवा आणि पोरांना प्रश्न विचारू द्या. खर्च पाहुण्यांच्या शालीपेक्षा कमी येईल.

आणि मुलांनो, तोवर एवढं करा. विचारायचं ते लेखी विचारा. साधा अर्ज, दोन प्रती. एक खिडकीत द्या. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय जागचे हलू नका. तोंडी प्रश्न तोंडी टोलवता येतो. आवक क्रमांक पडलेल्या अर्जाला कुणाला ना कुणाला उत्तर द्यावंच लागतं.