जोड

कंधारचा राष्ट्रकूटांचा किल्ला एकवेळ बोलेल, पण आमचा पैलवान बोलायचा नाही. माळेगावच्या यात्रेत इनामाच्या कुस्त्या मारून त्यानं तालीम बांधली. पुढं पोरं लाल माती सोडून आरशासमोर दंड फुगवायला लागली, तशी निम्म्या तालमीत जिम आली. मशिनी आल्या, हप्ते आले आणि हिशेबाला बी.कॉम. झालेल्या मॅडम आल्या.

"मारुतीच्या तालमीत बाईमाणसाचं काय काम?" पैलवान पहिल्याच दिवशी गुरकावला.

"सहा महिन्यांची फी थकलीय. मारुती वसूल करणार हाय का?"

पैलवान गप. आम्हीही गप, थकलेल्यांत माझे दोन महिने होते.

कुस्तीत आधी खडाखडी असते. मनगट धरायचं, मान खेचायची, अंदाज घ्यायचा. इथली खडाखडी चार महिने चालली. मारुतीशेजारी हरिश्चंद्र बिराजदारांचा फोटो आहे. लातूरकडच्या रामलिंग मुदगडच्या या गड्यानं 1970 साली एडिंबरोला राष्ट्रकुलचं सुवर्णपदक मारलं, ही कथा पैलवान प्रत्येक नव्या मेंबराला ऐकवतो आणि मेंबर एडिंबरो यायच्या आत घड्याळ बघतो. मॅडमनी विचारलं, "मग पुढं?"

गडी तिथंच हलला.

दुसऱ्या दिवसापासून टेबलावर घोटलेल्या बदामाच्या थंडाईचा पेला दिसायला लागला. "उरली व्हती, उगं नासंल," एवढंच. (पैलवानाच्या घरी थंडाई उरते, यावर कंधारात कुणाचा विश्वास बसेल?) मातीत चोळामोळा झालेल्या कानांवर त्यानं केस ओढून घेतले. आमच्यावर मात्र पूर्वीसारखाच खेकसायचा, उलट जरा जास्तच.

बाकी खरं वजन तो वस्तादालाही सांगत नाही. विचारलं तर "शंभराच्या आत हाय," म्हणून खाकरतो.

मागच्या आठवड्यात मॅडम दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पैलवान डंबेल पुसत टेबलापाशी गेला. तेच डंबेल तो पाच मिनिटं पुसत होता.

"कामून आला न्हाईत?"

"पाहुणे बघायला आले होते."

डंबेल थांबलं. बराच वेळ गेला.

"वजन किती?"

"कुणाचं?"

"पोराचं."

"असंल पंचावन्न-साठ."

"हलकी जोड हाय," पैलवान म्हणाला. "लागायची न्हाई."

मॅडमनी पावतीबुक मिटलं. "तुमचं किती?"

पैलवानानं एकदा मारुतीकडं बघितलं, मग आमच्याकडं. आम्ही घाईघाईनं बैठका मारायला लागलो.

"एकशे सात," तो म्हणाला.