गुळगुळीत रेघ कशी काढावी : सरोजिनी नगर आवृत्ती

लखनौला बदली होऊन आलेला, कानपूर रोडवर विमानतळाच्या पुढे सरोजिनी नगरात खोली घेतलेला, संध्याकाळी सातनंतर काय करावं हा प्रश्न पडलेला आणि नुकतंच डिमॅट खातं उघडलेला मराठी माणूस डोळ्यांपुढे ठेवून हे मार्गदर्शन लिहिलं आहे. मेट्रो विमानतळाशी संपते आणि तुमची खोली त्याच्याही पुढे आहे, त्यामुळे हजरतगंजला फिरायला जाण्याचा उत्साह पहिल्या महिन्यातच ओसरतो. मग माणूस चार्ट उघडून बसतो. देशात गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र पहिला आणि उत्तर प्रदेश दुसरा, तेव्हा सोबतीची उणीव नाही. खालच्या मजल्यावरचे अंकलजी जिन्यात अडवून ‘भैया, कौन सा शेयर देख रहे हो?’ असं विचारतीलच. ‘अभी सीख रहा हूँ’ एवढंच सांगावं. हे उत्तर दहा वर्षं चालतं.

लागणारं साहित्य : लॅपटॉप, त्यात पायथन, एखाद्या शेअरचे काही वर्षांचे बंद भाव, वही, पेन्सिल आणि चहा. टेलिग्रामवरचे ‘सर’ साहित्यात धरलेले नाहीत. ते आधीपासूनच तुमच्या फोनमध्ये असतील तर हे मार्गदर्शन संपेपर्यंत त्यांना म्यूट करा.

आपल्याला काढायची आहे ती स्मूद्ड मूव्हिंग ॲव्हरेजची रेघ. शेअरचा भाव रोज उड्या मारतो, आपल्याला त्या उड्या बघवत नाहीत, म्हणून त्यांच्यावर इस्त्री फिरवायची, एवढाच हेतू. साधी सरासरी, म्हणजे गेल्या १४ दिवसांचे भाव मिळवून १४ नं भागणं, ही तुम्हाला शाळेपासून येते. तिचा दोष असा की पंधराव्या दिवशी पहिला दिवस धाडकन बाहेर पडतो आणि आज बाजारात काहीही घडलेलं नसताना रेघ हलते. स्मूद्ड रेघेत कोणताच दिवस कधीच बाहेर पडत नाही. तिचं काम विरजणासारखं चालतं : कालच्या दह्यात आजचं दूध. फक्त इथं प्रमाण उलटं आहे, १३ भाग कालचं दही आणि १ भाग आजचं दूध.

कोड लिहिण्याआधी हे वहीत एकदा करून बघाच. सोयीसाठी १४ ऐवजी ५ दिवस धरू. बंद भाव १००, १०२, १०१, १०५, १०७. बेरीज ५१५, सरासरी १०३. ही रेघेची पहिली किंमत. सहाव्या दिवशी भाव ११३ झाला. कालची रेघ १०३, तिला ४ नं गुणा, ४१२ झाले. त्यात आजचे ११३ मिळवा, ५२५. ५ नं भागा, १०५. भाव ६ रुपयांनी वर गेला, रेघ २ रुपयांनी. सातव्या दिवशी कंपनीचे निकाल आले आणि भाव ९० वर आदळला. १०५ गुणिले ४ म्हणजे ४२०, अधिक ९०, ५१०, भागिले ५, उत्तर १०२. भाव २३ रुपयांनी कोसळला आणि रेघ ३ रुपयांनी खाली आली. रेघेकडे बघून आता ‘शेअर तसा स्थिर आहे’ असं वाटायला लागलं असेल, तर अभ्यासक्रमातला सगळ्यात महागडा धडा तुम्ही पेन्सिलीच्या खर्चात शिकलात.

ही पद्धत रूढ केली ती अमेरिकेतल्या जे. वेल्स वाइल्डर यांनी. मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर, मग जमीनजुमल्याच्या धंद्यात आणि मग चार्टवर. १९७८ साली त्यांचं पुस्तक आलं आणि त्या एकाच पुस्तकातून आरएसआय, एटीआर, एडीएक्स आणि पॅराबॉलिक एसएआर असे चार इंडिकेटर बाहेर पडले. आज कुठल्याही ब्रोकरच्या ॲपमध्ये ते फुकट मिळतात आणि पहिल्या तिघांच्या पोटात ही विरजणाची रेघच आहे. १९७८ मध्ये घरोघरी कॉम्प्युटर नव्हते. साध्या सरासरीला १४ दिवसांचे आकडे हाताशी लागतात. वाइल्डरना फक्त कालचा एक आकडा आणि आजचा भाव पुरायचा. वहीतली एक ओळ आणि कॅल्क्युलेटर, काम झालं. गणिताचं सौंदर्य वगैरे आपण म्हणतो, पण यात बराचसा वाटा हात दुखण्याचा असावा असं मला वाटतं.

आता कोड. मराठीत लिहिला तर तो असा दिसतो :

रेघ = पहिल्या १४ बंद भावांची सरासरी
पंधराव्या दिवसापासून पुढे, रोज :
रेघ = (रेघ × १३ + आजचा बंद भाव) ÷ १४

संपला. तीन ओळींत कोड संपला याचा नवशिक्यांना राग येतो, म्हणून ते त्यात भर घालायला लागतात आणि इथूनच खड्डे सुरू होतात.

पहिला खड्डा ‘१४’ हाच. पायथनच्या पांडास लायब्ररीत असली सरासरी काढायची तयार सोय आहे. तिला ‘स्पॅन १४’ सांगितलं की ती मुकाट्यानं एक रेघ काढून देते. ती रेघ सुंदर असते आणि चुकीची असते, कारण ती आहे एक्स्पोनेन्शियल सरासरी आणि तिच्यात आजच्या भावाला १५ पैकी २ हिस्से मिळतात. वाइल्डर १४ पैकी १ देतात. स्पॅनच्या भाषेत वाइल्डरचे १४ म्हणजे २७. एकतर २७ लिहा, नाहीतर सरळ ‘अल्फा’ १ भागिले १४ द्या, आणि ‘ॲडजस्ट’ बंद ठेवायला विसरू नका. ‘माझा आरएसआय ब्रोकरच्या आरएसआयशी का जुळत नाही?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. लोक मात्र आधी ब्रोकरवर संशय घेतात.

त्यानंतरही दशांशचिन्हापुढे फरक उरला तर तो पहिल्या किमतीचा. कुणी सुरुवात सरासरीनं करतं, कुणी पहिल्याच भावानं. घाबरू नका, विरजण जुनं झालं की मूळ दही कोणाचं होतं ते कळत नाही. १४ दिवसांनी जुन्या रेघेचा ३५ टक्के अंश शिल्लक असतो, शंभर दिवसांनी ०.०६ टक्के. सुरुवातीच्या शंभर दिवसांच्या किमती फेकून द्या आणि वाद मिटवा.

आणखी एक खड्डा बोनसचा. रिलायन्सनं २८ ऑक्टोबर २०२४ ही रेकॉर्ड डेट धरून एकास एक बोनस दिला आणि पडद्यावरचा भाव एका दिवसात निम्मा दिसला. कोणाचंही काही बुडालं नव्हतं. पण भाव दुरुस्त न करता वापरणाऱ्या कोडानं त्या दिवशी पन्नास टक्क्यांची घसरण वाचली आणि ‘विका, विका’ असा आक्रोश केला. आपल्या रेघेचा गमतीदार भाग असा की हा आक्रोश ती विसरत नाही. तो आठवडे-आठवडे तिच्यात विरत राहतो. म्हणून बोनस आणि स्प्लिट धरून दुरुस्त केलेले भावच घ्या.

रंग कोणताही द्या. बिल विल्यम्स यांनी अशाच तीन रेघा, १३, ८ आणि ५ दिवसांच्या, पुढे सरकवून ‘ॲलिगेटर’ केला. जबडा निळा, दात लाल, ओठ हिरवे. मगर झोपली की बाजार झोपला, मगरीनं तोंड उघडलं की चला. नवशिक्याला मगर फार आवडते. कोणाचं तोंड उघडलं आहे हे मात्र नीट पाहून घ्यावं : सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या पडद्यावर याच रेघा असणार, आणि त्या गुळगुळीतच असणार.

एवढं वाचूनही हौस फिटली नसेल तर बॅकटेस्ट करू. म्हणजे मागच्या दहा वर्षांत भाव रेघेच्या वर गेला की घेतला असता आणि खाली आला की विकला असता तर किती मिळाले असते, हे कॉम्प्युटरला विचारायचं. पहिल्या बॅकटेस्टमध्ये तुम्ही कोट्यधीश व्हाल. नोकरीचा राजीनामा लिहू नका. आजच्या बंद भावावरून रेघ काढून आज सकाळी सव्वानऊच्याच भावानं खरेदी केलीत का, ते आधी बघा. साडेतीनला कळलेली गोष्ट सव्वानऊला वापरायची सोय फक्त कोडात आहे. रेघ एक दिवस पुढे सरकवा, म्हणजे आजच्या खरेदीला कालचीच रेघ लागेल; ब्रोकरेज आणि एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) वजा करा. कोट्यधीशाचा मध्यमवर्गीय होईल. हा माणूस ओळखीचा वाटेल.

आता खरी अडचण, आणि ती सरोजिनी नगरात राहिल्याशिवाय नीट कळत नाही. बॅकटेस्टसाठी तुम्ही शेअरची यादी कुठून घेतलीत? आजच्या यादीतून. म्हणजे आजपर्यंत जगलेल्यांची यादी. तुमच्या खोलीच्या जवळच स्कूटर्स इंडिया लिमिटेडचा कारखाना होता. १९७२ साली केंद्र सरकारनं ही कंपनी काढली आणि मिलानच्या इनोसेंटी कंपनीकडून लॅम्ब्रेटाची सगळी यंत्रसामग्री विकत घेऊन ती इथं आणून बसवली. विजय सुपर स्कूटर इथली. शेअर रिक्षा म्हणून उत्तर भारतात ज्यात गुडघे पोटाशी घेऊन बसतात ती विक्रम तीनचाकीही इथली. पुढं स्कूटर थांबली, विक्रम चालू राहिली, तोटा साठत गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये केंद्रानं कंपनी बंद करायला मंजुरी दिली, शेअर बाजारातून काढून घ्यायचंही त्याबरोबरच ठरलं. त्याच जमिनीच्या एका भागावर आता अशोक लेलँडचा इलेक्ट्रिक बसचा कारखाना आला आहे. तुमच्या फाइलीत यातलं काहीही नाही. तुमच्या फाइलीत तो शेअर जन्मालाच आला नाही.

आणि तो असता तरी रेघेनं काय दाखवलं असतं? नव्वद टक्क्यांहून जास्त शेअर सरकारकडे, बाहेर फिरायला मूठभर. असल्या शेअरमध्ये अनेकदा दिवसभर नावापुरताच व्यवहार होतो. व्यवहार नसलेल्या दिवशी आपला कोड कालचाच भाव पुढे ओढतो आणि रेघ अधिकाधिक सपाट होते. चार्टवर सगळ्यात गुळगुळीत रेघ कोणाची, तर ज्याला कोणी विचारत नाही त्याची.

तुलनेसाठी साताऱ्याकडे बघा. सरोजिनी नगर आणि सातारा यांचं नातं कोणी जुळवलेलं नाही, पण ते आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६० साली सरोजिनी नगरात उत्तर प्रदेश सरकारनं काढली. केंद्राच्या योजनेतली पहिली १९६१ साली साताऱ्यात. इथं स्कूटर्स इंडिया, तिथं १९७५ मध्ये राज्य सरकारच्या महामंडळानं आणि बजाजनं मिळून काढलेली महाराष्ट्र स्कूटर्स. इथला नायक विजय, तिथली नायिका प्रिया स्कूटर, आणि दोघांच्या मागे इटलीतली लॅम्ब्रेटा आणि व्हेस्पाची जुनी भाऊबंदकी. प्रियाही थांबली. पण महाराष्ट्र स्कूटर्सच्या कपाटात बजाज समूहाचे शेअर होते. ते वाढत गेले आणि स्कूटर न बनवणाऱ्या या स्कूटर कंपनीचा शेअर पाच आकड्यांत पोहोचला. दोन्हींच्या भावांवर तीच तीन ओळींची रेघ काढता येते. कारखाना काय बनवतो, कामगारांचं काय झालं आणि कपाटात काय आहे, यातलं रेघेला काही ठाऊक नसतं. तिला फक्त कालची रेघ आणि आजचा भाव माहीत. अंकलजींना मात्र बरंच माहीत असेल. या भागातल्या निवृत्तांपैकी कोणीतरी ओळखीचा त्या कारखान्यात होताच. जिन्यातला प्रश्न टाळण्यापेक्षा एकदा चहाला बोलवा.

मग यादी नव्यानं करा. आजच्या कंपन्यांपासून मागे जाऊ नका; रोजची भावकॉपी घ्या. भावकॉपी म्हणजे त्या दिवशी ज्या-ज्या शेअरमध्ये व्यवहार झाला त्यांची एक्स्चेंजनं जाहीर केलेली फाइल. त्यात त्या दिवशी जिवंत असलेले सगळे येतात, पुढे मेले ते पण. एकेक दिवसाची फाइल उतरवून घ्यायची, तारखेप्रमाणे रचायची आणि जी कंपनी ज्या दिवशी गायब होते तिथं तिची रेघ तोडायची, पुढे ओढायची नाही. तोडलेल्या शेअरमध्ये अडकलेले पैसे बॅकटेस्टमध्ये शून्य धरा किंवा मिळाले तेवढे धरा, पण वगळू नका. हे काम कंटाळवाणं आहे. विमानं डोक्यावरून जात राहतील, फाइली उतरत राहतील.

एक सूचना. फाइली उतरवताना ‘शनिवार-रविवार सोडून द्या’ अशी ओळ कोडात घालायचा मोह होईल. घालू नका. १२ नोव्हेंबर २०२३ ला रविवार होता आणि लक्ष्मीपूजनाचा मुहूर्ताचा व्यवहार झाला होता. २० जानेवारी २०२४ ला शनिवार होता आणि बाजार चालू होता. १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवार होता आणि त्या दिवशी अर्थसंकल्प होता. ओळ घातलीत तर तुमच्या रेघेच्या लेखी अर्थमंत्री त्या दिवशी संसदेत उभ्याच राहिल्या नाहीत.