पलंग एकच होता

ब्रिटनच्या राजघराण्यातलं लग्न. हॉलमध्ये पंचाहत्तर हजार डॉलरचा केक उभा आहे. केकच्या अगदी शेजारी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षीणबाईंचा मुलगा अ‍ॅलेक्स आणि इंग्लंडचा राजपुत्र हेन्री एकमेकांना टोमणे मारताहेत. सराईत वाचक इथे पुस्तक पालथं घालतो आणि चहा टाकून येतो. घाई कसली? इतका महागडा केक कुठलाही लेखक नुसता कापून वाटायला मांडत नाही.

केक कोसळतो, दोघे त्याच्याखाली. फोटो जगभर जातात आणि दोन्हीकडचे अधिकारी ठरवतात, की या दोघांनी काही दिवस जिवलग मित्र असल्याचं सोंग करायचं. सोंग करता करता काय होतं, हे सांगायला नको.

केसी मॅक्विस्टन यांची ‘रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू’ ही कादंबरी २०१९ साली आली. वाचकांच्या मतांवर ठरणारा गुडरीड्सचा पुरस्कार तिला त्या वर्षी दोन गटांत मिळाला, आणि २०२३ साली तिच्यावर सिनेमाही निघाला. तिच्यात फटाक्यांच्या आवाजाला गोळीबार समजून सुरक्षारक्षक दोघांना ज्यात कोंबतात ते इस्पितळातलं कपाट आहे, नववर्षाच्या रात्रीची बर्फातली बाग आहे, फुटलेले ईमेल आहेत, आणि या सगळ्यावर टांगलेली एक निवडणूक आहे. पण प्रस्तुत लेखकाने हात टेकले ते आईपुढे. आपला मुलगा एका राजपुत्राच्या प्रेमात आहे हे कळल्यावर राष्ट्राध्यक्ष असलेली ही माउली पॉवरपॉइंट प्रेझेंटेशन तयार करते. शीर्षक आणि मुद्द्यांसकट. मराठी घरात हीच बातमी आधी देवघरात, मग मामांकडे आणि शेवटी ‘कुणाला बोलू नका हं’ या अटीवर अख्ख्या सोसायटीत पोचली असती. स्लाइड करायचं मात्र कुणाला सुचलं नसतं.

दोन पुरुषांच्या प्रेमाच्या या भडक, गोडमिट्ट, योगायोगांनी ठासून भरलेल्या कादंबऱ्या वाचणारे आणि लिहिणारे जगभर पुष्कळ आहेत. त्यांत बायकांचा भरणा मोठा. एरवी बसमध्ये भालचंद्र नेमाडे वाचणारी, आणि मुखपृष्ठ बाहेरच्यांना दिसेल असं धरणारी माणसंही रात्री दिवा मालवल्यावर मोबाइलच्या उजेडात याच कादंबऱ्या वाचत असतात. त्यांना शेवट ठाऊक असतो. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याच्या जावयाची नाव बुडणार आणि प्रसाद घेतल्यावर वर येणार, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून चौथ्या अध्यायाला कुणी उठून जात नाही. उलट मधले अध्याय भटजींनी भराभर उरकले तर आतून कुणीतरी आजी कुरकुरते. या कादंबऱ्यांच्या वाचकाची कुरकुरही तशीच असते: गैरसमजाचं प्रकरण फार लवकर मिटलं, मारामारीत नायकाला नुसतंच खरचटलं, तापाने फणफणलेल्याच्या उशाशी दुसरा रात्रभर बसलाच नाही.

या ठरलेल्या प्रसंगांत मानाचं पान पलंगाला. वादळ येतं, गाडी बंद पडते, गावात एकच लॉज निघतं, लॉजमध्ये एकच खोली आणि खोलीत एकच पलंग. मग ‘मी जमिनीवर झोपतो’, ‘नको, मी झोपतो’ ही तू-तू मैं-मैं. मधे उशांची भिंत. पहाटे ती भिंत कुठे गेलेली असते ते कुणीच विचारत नाही. चाहत्यांच्या कथांचं जे प्रचंड भांडार इंटरनेटवर आहे, ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ नावाचं, ज्याला २०१९ साली विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला, तिथे तर या पलंगाच्या नावाची चिठ्ठीच कथेला लावलेली असते. म्हणजे ज्याला पलंग हवा त्याने थेट पलंगाकडे जावं. भारतीय रेल्वेने ही सोय फार पूर्वीपासून केलेली आहे. तिला आरएसी म्हणतात. बाजूचा खालचा एक बर्थ, दोन अनोळखी प्रवासी, एक चादर आणि दादर ते सावंतवाडी अख्खी रात्र. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कोकणकन्येत अशा किती कादंबऱ्या न लिहिता वाया जात असतील, याचा विचार रेल्वे बोर्डाने केलेला दिसत नाही.

दुसरा मान चंदनाला. या नायकांना कुठला ना कुठला सुगंध येतो आणि चंदनाचा फारच वेळा येतो. मो श्यांग टोंग श्यू या चिनी लेखिकेच्या गाजलेल्या कादंबरीतला लान वांगजी हा अबोल, शिस्तप्रिय, गोरापान नायक. तो जवळून गेला तरी चंदन दरवळतं आणि दुसऱ्या नायकाची तारांबळ उडते. मराठी वाचकाची अडचण अशी, की चंदन म्हटलं की त्याला सहाण आठवते, सोवळं नेसून खोड उगाळणारे आजोबा आठवतात आणि ‘आंघोळ केल्याशिवाय देवघरात येऊ नकोस’ हा दम आठवतो. त्या पार्श्वभूमीवर लान वांगजीने कितीही खोल नजरेने पाहिलं तरी शृंगाराला एकादशीचा रंग चढतो. प्रस्तुत लेखक अशा ठिकाणी चंदन वगळून वाचतो.

याच लेखिकेच्या दुसऱ्या कादंबरीत अतिशयोक्तीने सगळ्या वेशी ओलांडल्या आहेत. श्ये ल्यान नावाचा एक देव आहे. स्वर्गातून दोनदा हाकलून दिलेला, तिसऱ्यांदा परत आलेला, आणि पोटासाठी चक्क भंगार गोळा करणारा. त्याच्यावर भुतांचा राजा ह्वा छंग आठशे वर्षं प्रेम करतोय. आठशे! मधल्या काळात त्याने एका गुहेत देवाच्या मूर्तीच मूर्ती कोरून ठेवल्या आहेत, आणि त्याच्यासाठी तीन हजार कंदील आकाशात सोडले आहेत. वडाला दोरा गुंडाळून सात जन्मांचं बुकिंग करणाऱ्या आपल्याकडच्या परंपरेलाही हे जरा जास्त वाटावं. पण हीच पुस्तकं इंग्रजीत आली तेव्हा, २०२१च्या डिसेंबरात, थेट न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत जाऊन बसली. मायदेशी मात्र लान वांगजीच्या कथेवर २०१९ साली मालिका निघाली तेव्हा सेन्सॉरपायी प्रेमिकांना जिवलग दोस्त व्हावं लागलं. प्रेक्षकांनी त्या दोस्तीत जे बघायचं ते बरोबर बघितलं.

थायलंडची तऱ्हा निराळी. तिथल्या अशा कादंबऱ्यांत आणि त्यांवरच्या मालिकांत नायक हटकून इंजिनिअरिंगला असतो. २०१६ सालची ‘सोटस’ ही मालिका घ्या. ज्युनिअरांवर डाफरणारा सीनिअर आर्थित, त्याला उलट बोलणारा पहिल्या वर्षाचा कोंगपोप आणि इंजिनिअरिंगच्या पोरांना मिळणारं एक दातेरी चाक, म्हणजे गिअर. हे गिअर तिथे हृदयासारखं जपायचं असतं. तू मला गिअर दिलं नाहीस तर तुलाच बायको करून घेईन, मग जे तुझं ते माझं, असं कोंगपोप चारचौघांत ऐकवतो. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना एम-थ्रीच्या केटीपलीकडे जीव लावायला काही उरत नाही, ही अभ्यासक्रमाची मोठीच उणीव म्हणायची.

विनोद अंगात मुरलेला लेखक या साच्यांशी खेळतो तेव्हा आणखी मजा येते. अ‍ॅलेक्सिस हॉल यांच्या ‘बॉयफ्रेंड मटीरियल’मध्ये ल्यूक हा एका जुन्या रॉकस्टारचा मुलगा आहे आणि नोकरी करतो शेणकिडे वाचवणाऱ्या संस्थेत. वर्तमानपत्रात भलताच फोटो आल्यामुळे देणगीदार बिथरतात, म्हणून त्याला एक सोज्वळ, दाखवण्याजोगा मित्र हवा असतो. ऑलिव्हर हा वकील. इस्त्रीच्या घडीसारखा नीट, आणि त्याला आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला सोबत हवी असते. व्यवहार ठरतो. खोट्या प्रेमाचा हा करार खरा होणार हे पहिल्याच भेटीत कळतं, तरी वाचक पानं उलटत राहतो, कारण मधे शेणकिड्यांसाठी निधी जमवायची अख्खी धांदल आहे. आणि रेचल रीड यांच्या ‘हीटेड रायव्हलरी’त बर्फावरच्या हॉकीतले दोन हाडवैरी, एक माँट्रियलचा आणि एक बॉस्टनचा, वर्षानुवर्षं हॉटेलांच्या खोल्यांत चोरून भेटतात आणि आपल्यात काहीही नाही असं स्वतःला बजावत राहतात. २०२५ साली त्याची मालिका आली आणि हॉकीचा ह की ठो माहीत नसलेले लोक ऑफसाइडवर वाद घालू लागले.

साहित्याची चाड असलेले स्नेही यावर विचारतात, की एवढ्या गोडाचं करता काय. त्यांचं काही चूक नाही. नायकांची पोटं शिल्पासारखी, घरं आवाक्याबाहेरची, आणि विशेषणांची खिरापत. पण गोड शेवट ही चैन या प्रेमाला फार उशिरा परवडली. ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘मॉरिस’ १९१३-१४ साली लिहिली. एडवर्ड कार्पेंटर यांच्या घरी गेले असता त्यांचा सोबती जॉर्ज मेरिल याने कमरेखाली सहज हात लावला आणि कादंबरी सुचली, असं फॉर्स्टर यांनीच नोंदवून ठेवलंय. तीत मॉरिस रात्री खिडकीतून अंधाराला साद घालतो, आणि जमीनदाराच्या रानाचा रखवालदार अ‍ॅलेक शिडी लावून खिडकीतून आत येतो. शिडी लावून! आजच्या कुठल्याही फुटकळ कादंबरीने हेवा करावा असा प्रसंग. दोघांना सुखात ठेवायचं हा फॉर्स्टर यांचा हट्ट होता, आणि त्या हट्टापायीच पुस्तक छापता येईना. नायक फासावर लटकला असता तर चाललं असतं, असं त्यांनीच खेदाने लिहिलंय. हे फार दिवस टिकायचं नाही, असं भाकीत त्यांचे मित्र लिटन स्ट्रेची यांनी केलं. असे मित्र मराठी साहित्यातही मुबलक आढळतात.

‘मॉरिस’ कपाटात ठेवलेले हेच फॉर्स्टर १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव म्हणून राहिले होते. मराठ्यांच्या त्या दरबारातली गोकुळाष्टमी त्यांनी पुढे पानंच्या पानं रंगवली. कादंबरी मात्र ते गेल्यानंतर, १९७१ साली बाहेर पडली.

त्याच सुमारास अमेरिकेत गॉर्डन मेरिक सुटले होते. हा गृहस्थ ब्रॉडवेवर नट, महायुद्धात हेरखात्यात, मग ग्रीसच्या हायड्रा बेटावर मुक्काम, आणि १९८८ साली मृत्यू कोलंबोत. आयुष्यच कादंबरीला साजेसं. त्यांची ‘द लॉर्ड वोन्ट माइंड’ १९७० साली आली आणि सोळा आठवडे न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत राहिली. सगळे नायक देखणे, सगळे सुस्थितीत, आणि पहिल्या भेटीची व्यवस्था करणारी खुद्द आजी. त्याआधी जेमतेम दोन दशकं, १९५२ साली, मेरिजेन मीकर यांना दोन मुलींच्या प्रेमाच्या कादंबरीचा शेवट मुद्दाम कडू करावा लागला होता. नाहीतर टपालखातं पुस्तकं जप्त करील, असं संपादकाने बजावलं होतं. तेव्हा एका मुलीची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली आणि पुस्तक सुखरूप पोस्टाने गेलं.

मराठीतही या प्रेमाच्या वाट्याला गंभीर लेखकच आले. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधली मित्रा आत्महत्या करते. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’त, मौजेने २००६ साली काढलेल्या, भाऊ आणि बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात आणि तो दोघांनाही सोडून जातो. दोन्ही कृती उत्तम आहेत. रविवारी दुपारी आमरसानंतर लोळत वाचायच्या नाहीत. त्या वेळेसाठी आपल्याकडे बाबा कदम होते, काकोडकर होते. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष सोडताना कथेचा वाङ्मयीन दर्जा फारसा उंच नसेलही, असा शेरा मारला. एवढ्या वरच्या कोर्टातून आलेलं परीक्षण क्वचितच कुणाला मिळालं असेल. पण काकोडकरांची लायब्ररीतली जी पुस्तकं हाताळून हाताळून मऊ पडली, त्यांतल्या नायकाला नायिकाच लागे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने ३७७ कलमातला काटा काढला, तरी दोन नायकांची तशी उनाड, बिनडोक, खदखदून हसवणारी मराठी कादंबरी प्रस्तुत लेखकाला अजून भेटलेली नाही.

माल तर आयता पडलाय. हाडवैऱ्यांच्या प्रेमाला हॉकी कशाला हवी, पुरुषोत्तम करंडक आहे. भरत नाट्य मंदिरात दोन कॉलेजांचे दोन दिग्दर्शक, ‘आव्वाज कुणाचा’च्या आरोळीत एकमेकांकडे खुनशी नजरेने बघणारे, एकाचा ऐन प्रयोगात स्पॉट उडतो आणि विंगेतून टॉर्च धरायला दुसराच धावतो. पुढे दोघांना सदाशिव पेठेत भाड्याची खोली हवी. खोटं लग्न, खोटा करार, कशाचीच गरज नाही, कारण जिन्यात पाटीच आहे: मुलींना वर आणण्यास सक्त मनाई. मालकीणबाई पहिल्या तारखेला भाडं घ्यायला येतात, खोलीभर एक नजर फिरवतात आणि खाली जाऊन शेजारणीला सांगतात, “किती सरळमार्गी पोरं आहेत हो, चार वर्षांत एक मुलगी जिना चढली नाही.”