तिरकं गेलं तर?

पावणे एमआयडीसीत लोखंडकामाचे गाळे पुष्कळ आहेत. कुठेही गेट करायला टाका, मालक आधी विचारतो, "ॲडव्हान्स किती देता?" आमचे भाऊ विचारतात, "नेणार कशातून?" टेम्पो सांगितलाय म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. "घरची गाडी घेऊन या ना. बसवून देतो." गेट सहा फुटी आणि घरची गाडी अल्टो, हे कळल्यावरही ते मागे हटत नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारतात, मागचं दार उघडून कमरेपर्यंत आत शिरतात आणि आतून आवाज येतो, "तिरकं गेलं तर?"

हे रक्तातच आहे. वडील माथाडी. जावळी तालुक्यातून मुंबईला आले, मशीद बंदरला पोती उचलली, आणि कांदा-बटाट्याचा बाजार खाडी ओलांडून वाशीला आला तेव्हा बाजारामागोमाग तेही कोपरखैरण्याला आले. 1969च्या माथाडी कायद्याने त्यांच्या वाराईला हिशेब आणि म्हातारपणाला प्रॉव्हिडंट फंड मिळाला. मुलाला मात्र त्यांनी वारसा दिला तो थप्पीचा. त्यांनी लावलेल्या थप्पीतलं पोतं घाट उतरतानाही जागचं हलत नसे म्हणतात. भाऊंनी पोतं कधी उचललं नाही, पण फट दिसली की त्यांचा जीव खालीवर होतो. लग्नाच्या पंगतीत दोन पाटांमध्ये जास्त अंतर दिसलं तर ते स्वतः उठून पाट सरकवतात, त्यावर पाहुणा बसलेला असला तरी.

ओम्नी होती तो त्यांचा सुवर्णकाळ. सरकतं दार, मागे सपाट जागा. त्या गाडीतून त्यांनी लोखंडी कपाट आणलं, मेहुण्याच्या लग्नाचा रुखवत नेला आणि एका वर्षी सोसायटीचा गणपती पाच वादकांसह आणला. त्यातला एक ताशा वाजवत होता. 2019मध्ये ओम्नीचं उत्पादन बंद झालं तेव्हा भाऊंनी सुतक पाळलं. नंतर अर्टिगा घेतली. सात माणसं बसतात म्हणून घेतली, असा घरच्यांचा समज. भाऊंनी घेतली ती सीट मोडतात म्हणून. मागची रांग निम्मी-निम्मी मोडते, मधली साठ-चाळीस. शोरूममध्ये सेल्समन मायलेज सांगत होता तेव्हा भाऊ गाडीच्या आत आडवे होऊन टेपने स्वतःला मोजत होते.

मग इलेक्ट्रिक माउंटन बाइक आली. डॉक्टरांनी सायकल चालवा सांगितलं होतं आणि चढ टाळा असंही सांगितलं होतं; या दोन आज्ञांमधून भाऊंनी काढलेली ही वाट. वहिनींना त्यांनी सांगितलेली किंमत बहुधा नुसत्या पुढच्या चाकाची असावी. "मोटार 250 वॉटच्या आतली, वेग 25च्या आत. म्हणजे आरटीओच्या लेखी ही सायकलच. लायसन नको, पासिंग नको," असं ते चहा घेऊन आलेल्या पोऱ्यालाही समजावत. पोऱ्या म्हणाला, "मग चालवा की, शेठ."

तसं बघितलं तर अडचण काहीच नव्हती. गाळ्याच्या दारातून पारसिकचा डोंगर दिसतो. पायथ्यापर्यंत सायकलने जायला किती वेळ लागतो? पण जी वस्तू स्वतःच्या चाकांवर जाते, तिच्यात भाऊंना रस कसा वाटावा? "शुभारंभ गावाला करू," ते म्हणाले. "कासच्या पठाराकडे. आणि द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे गाडीतूनच न्यावी लागणार." हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो सायकल घेतानाही नव्हता.

सल्ले द्यायला अख्खी गल्ली जमली. शेजारच्या गाळेवाल्याने 'छोटा हत्ती सांगू का?' विचारलं, त्याच्याशी भाऊ दोन दिवस बोलले नाहीत. कोणी म्हणालं, मागच्या दाराला कॅरिअर लावा. "नंबर प्लेट झाकली जाते, पोलीस सोडेल का?" कोणी म्हणालं, टपावर टाका. "24 किलो डोक्यावर उचलून? आणि पावसात मोटार भिजली तर?" प्रत्येक पर्याय त्यांनी तळमळीने खोडून काढला. वेल्डरने बॅटरीकडे बोट दाखवलं. "500 वॉट-अवरची आहे," भाऊ म्हणाले. "प्रवासी विमानात 160च्या वर घेतच नाहीत." मग जरा थांबून, "विमानाला जमत नाही ते अर्टिगाला जमतं."

शनिवारी रंगीत तालीम झाली. पुढचं चाक निघालं. लेथवर 15 मिलिमीटरची सळई कातून घेतली होती, ती एम.एस. प्लेटवरच्या दोन कानांतून गेली, त्यात सायकलचा फोर्क बसला आणि प्लेट प्लायवूडवर नटबोल्टने आवळली. हँडल वळवलं, सीट खाली केली. ब्रेकच्या दोन पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घातला, कारण चाक नसताना चुकून लिव्हर दाबली गेली तर पॅड मिटतात आणि मग डिस्क आत जात नाही. पट्टे ताणले. सायकल तिरकी, चेन काचेपासून बोटभर लांब. गिऱ्हाईक पेमेंट घेऊन आलं होतं. भाऊंनी त्याला हात करून थांबवलं.

रविवारी पहाटे निघताना हिशेब असा: भाऊ गाडी चालवणार, वहिनी पुढे, मधल्या दोन जागांवर आई आणि लेक. आईंनी आत पाहिलं. "आरं, ह्ये लोखंड माझ्या अंगावर तर न्हाई ना येणार?"

"आई, तू हललीस तरी ते हलायचं नाही."

काढून ठेवलेली बॅटरी जमिनीवर नको म्हणून दुपट्यात गुंडाळून आईंच्या मांडीवर दिली. खंबाटकी घाटापर्यंत त्या तिला नातवासारखी थोपटत होत्या. प्रत्येक थांब्यावर लोक चहाला उतरले, भाऊ पट्टे बघायला मागे गेले.

गावी पोचताच पोरांनी गाडीला वेढा घातला. भाऊ हातपाय धुऊन येईपर्यंत पुतण्याने काकांना मदत म्हणून ब्रेकमध्ये अडकलेला 'कचरा' काढून टाकला आणि लिव्हर दाबून पाहिली. पॅड मिटले. कोणाही सायकलवाल्याने अशा वेळी कपाळावर हात मारला असता. भाऊंनी हत्यारांची पेटी मागवली. सपाट पेचकस, मिलिमीटर-मिलिमीटरने पॅड फाकवणं, चाक लावून पाहणं, पुन्हा काढणं. मटणाचा वास अंगणात आला, पानं वाढली गेली, वहिनींनी तीनदा हाक मारली. "आलो, जरासंच अडतंय," असं ते इतक्या समाधानाने म्हणत होते की आईंनी त्यांचं ताट तिथेच आणून दिलं. संध्याकाळी त्यांनी देवळापर्यंत एक चक्कर मारली, उतरून म्हणाले, "झकास आहे. चला, भरायला घेऊ."

परतीला आत्या निघाल्या. वाशीला मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं. आत्यांबरोबर त्यांची ट्रंक, अर्धं पोतं इंद्रायणी आणि दोन फणस. "अहो, सायकल इथंच राहू द्या," वहिनी म्हणाल्या. भाऊंनी ऐकलंच नाही. ते तांदूळ दोन पिशव्यांत विभागत होते. एक पिशवी सायकलच्या त्रिकोणात गेली, दुसरी ट्रंकेखाली. फणस मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना टेकले आणि पट्ट्याचं काम निम्म्यावर आलं. आत्या आईंशेजारी, वहिनी पुढे. लेक म्हणाली, "बाबा, घाटापर्यंत मी चालवते," आणि स्टिअरिंगवर बसली. दार लागलं. भाऊंनी गाडीभोवती फेरी मारली. कुठे बोट शिरायला फट नव्हती. डोळे भरून पाहत होते.

लेकीने काच खाली केली. "बाबा, तुम्ही?"

भाऊंनी चारही खिडक्यांतून पाहिलं.

"सायकल काढा आणि तिच्यावर या," वहिनी म्हणाल्या.

"एकदा बसलेलं काढायचं नसतं," भाऊ म्हणाले आणि लेकीला संथ चालवायला सांगून मेढ्याच्या रस्त्याला लागले.

सोमवारी गाळ्यावर आम्ही विचारलं, सायकल कशी काय चालली? त्याबद्दल ते फारसं बोलले नाहीत. एसटीबद्दल मात्र भरभरून बोलले. रविवारची शेवटची गर्दी, उभं राहायला जागा नाही. भाऊंनी वरच्या रॅकवरच्या बॅगा आडव्याच्या उभ्या केल्या, वाटेतली बोचकी सीटखाली सारली, एका पैलवानाला तिरकं बसवलं आणि सातारा यायच्या आत चार बायकांना बसायला जागा करून दिली. स्वतः उभेच. उतरताना कंडक्टरने त्यांच्या हातात सुटे पैसे ठेवले आणि विचारलं, "काका, पुढच्या रविवारी येताय का?"