गाइडकर्त्यांनो, बरोबरचं चिन्ह पुसा

इंग्रजीच्या गाइडचे लेखक महोदय,



डावीकडे क्रियापद, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे एक मराठी शब्द, की झालं तुमचं इंग्रजी! तुमच्या यादीत 'मेक अप'समोर 'भरून काढणे' एवढंच छापलंय. मुलांनी ते इमानेइतबारे घोकलं. मग उताऱ्यात आलं, 'शी मेड अप विथ हर सिस्टर.' वर्गातल्या हुशार मुलीनं लिहिलं, 'तिने बहिणीची भरपाई केली.' दोघी बहिणींचं भांडण मिटलं होतं हो! गुण कापले गेले तिचे. चूक तुमची.

बरं, 'भरून काढणे' तरी धड सांगायचं. वाया गेलेला वेळ भरून काढायचा तर 'मेक अप फॉर लॉस्ट टाइम'. तो 'फॉर' तुम्ही गाळलात. 'मेड अप अ स्टोरी' म्हणजे गोष्ट रचली, बऱ्याचदा थापच मारली. 'मेक अप युअर माइंड' म्हणजे काय ते एकदाचं ठरव. गोष्ट 'अप'च्या आधी आली तरी चालते, नंतर आली तरी चालते. पण तिच्या जागी 'इट' आलं की ते मधेच बसतं: 'ही मेड इट अप.' 'मेड अप इट' म्हटलं की वाक्य मोडलं. याबद्दल तुमच्या गाइडात अवाक्षर नाही.

परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जड जातात त्या क्रियापद आणि 'अप'सारख्या शब्दाच्या याच जोड्या, हे सॅम्युअल जॉन्सननं 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. त्यानं त्या काळजीपूर्वक टिपल्या. तुम्ही एका ओळीत उरकल्या.

राग येतो तो यासाठी की आमच्या मुलांना ही वाट नवी नाही. 'बोलून गेला', 'बोलून दाखवलं', 'बोलून टाकलं' यांतला फरक मराठी मूल शाळेत येण्याआधीच जाणतं. 'बोलणे' अधिक 'टाकणे' अशी बेरीज ते कधी करत नाही. त्याचा हा तयार कान तुम्ही वापरलाच नाहीत, उलट त्याला पाठांतराला जुंपलंत.

पुढच्या आवृत्तीतून ती यादी काढून टाका. प्रत्येक अर्थाला एक पूर्ण वाक्य द्या, 'इट' कुठे बसतं ते दाखवा. पानं वाढतील, वाढू द्या. आणि पालकहो, तोवर हे गाइड विकत घेऊ नका.

कळावे,
इंग्रजीची एक शिक्षिका